समोर कोण?

साडेबारा वाजले की पुनितवती स्क्रीनकडे पाठ करायची.

पाम तेलाचा वायदेबाजार तेव्हा जेवणासाठी बंद व्हायचा आणि अडीचला पुन्हा उघडायचा. मलेशियात क्लांगला असलेल्या त्या दलालपेढीच्या शाखेतले बाकीचे दलाल स्क्रीनसमोरच डबा उघडत, एका हातानं खात आणि दुसऱ्या हातानं सकाळचे भाव वरखाली करत बसत. पुनितवती मात्र खुर्ची पूर्ण फिरवून घ्यायची. मग डबा मांडीवर, दहीभातावर लिंबाच्या लोणच्याची फोड, आणि समोरच्या टेबलावरच्या तिओला एकच ताकीद : “जेवताना भाव नाही.”

तिच्या बापाची ही सवय. तो बांतिंगकडच्या मळ्यात पामचे घड तोडायचा. दिवसभर वजन, वजन आणि वजन ऐकून आलेला माणूस ताटावर बसला की घरात कुणी वजनाचा शब्द काढायचा नाही. मुलीनं वजनाच्या जागी भाव आणला, एवढंच.

तिओ बून हाय याचं नशीब असं, की ती फिरून बसली की तिचा चेहराही त्याला दिसायचा आणि तिच्या पाठीमागची स्क्रीनही. “अक्का, एकदा मागे बघ ना,” तो मुद्दाम म्हणायचा. “आकाश कोसळलंय.”

“अडीचपर्यंत कोसळू दे. तू तुझा पाऊ खा, तंबी.”

पाऊ म्हणजे वाफवलेला चिनी पाव, आणि तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तिओ तिच्यापेक्षा वर्षभरानं मोठा होता, डोक्यावरचे केस केव्हाच गेले होते, तरी ती त्याला तंबीच म्हणायची. तो चिडायचा म्हणून म्हणायची आणि त्यानं चिडणं सोडल्यावरही म्हणत राहिली.

दोघांची ओळख क्वालालंपूरच्या जुन्या हॉलमधली, सौदे ओरडून व्हायचे त्या काळातली. रंगीत जाकिटं घातलेले पुरुष मधल्या खोलगट रिंगणात, म्हणजे खड्ड्यात, उभे राहून हातवारे करत घसा फोडायचे. पुनितवती आधी चिठ्ठ्या पोचवायला आली आणि मग एक दिवस स्वतःच जाकीट घालून खड्ड्यात उतरली. “बायकांचा आवाज इथे पोचत नाही,” असं कुणीतरी म्हणालं होतं. तिनं आवाज पोचवला. त्यात तो कायमचा बसला. पुढे तिच्याशी पहिल्यांदा फोनवर बोलणाऱ्यांना ती पुरुष वाटायची आणि ती त्यांचा गैरसमज कधी दूर करायची नाही.

त्या हॉलमध्ये सौदा झाला की चिठ्ठीवर भाव लिहायचा, माल लिहायचा आणि समोरच्याच्या बिल्ल्यावरची अक्षरं लिहायची. तू घेतलंस, तर विकलं कुणी? ती अक्षरं नसली की कारकून टेबलावर हात आपटून ओरडायचा, “समोर कोण?” उत्तर नसेल तर सौदाच झाला नाही. तोंडानं कितीही ओरडला असशील, तरी नाही.

हॉल बंद झाला, बाजार तारांमध्ये शिरला, माणसं आपापल्या गावच्या शाखांमध्ये पांगली. “समोर कोण?” तेवढं दोघांबरोबर क्लांगला आलं. तिओला कुणाचा फोन आला की पुनितवती विचारायची, “समोर कोण?” त्याच्या बायकोचा असला की तो म्हणायचा, “साक्षात बाजार.”

पुनितवतीचा एक नियम होता. सकाळ कशीही गेलेली असो, जेवण झाल्यावर बाजार पहिल्यांदा ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला जायचं, संध्याकाळी सौदा मिटवून, हात झाडून घरी. जेवताना माणूस सकाळचा राग विसरतो, दुपारचा पहिला भाव तेवढा खरा बोलतो, असं तिचं म्हणणं. हा नियम ती वर्षानुवर्षं चालवत होती. कधी जिंकायची, कधी हरायची. जिंकलेलं जास्त लक्षात राहायचं. तिची गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक थोड्याशा जमिनीवर पाम लावणारे बागायतदार. ते या नियमाला ‘अक्काचं जेवण’ म्हणायचे.

शाखेला नवे व्यवस्थापक आले, एन्चिक म्हणजे श्रीयुत शुक्री. तरुण, बाहेर शिकून आलेले, मऊ बोलणारे. शाखा तोट्यात होती आणि मुख्य कचेरी ती बंद करायच्या विचारात होती, हे त्यांनी पहिल्याच दिवशी लपवून न ठेवता सांगितलं. मग त्यांना ‘अक्काचं जेवण’ कळलं.

“अक्का, हा नियम मागच्या सगळ्या वर्षांच्या भावांवर चालवून बघितलाय कधी? कॉम्प्युटरवर?”

“मी स्वतः चालवलाय की. हाडामांसावर.”

“तसं नाही. बॅकटेस्ट. आकडे चांगले आले तर आपण ही पद्धत गिऱ्हाइकांना देऊ. तुमच्या नावानं. सॉफ्टवेअर तुम्हीच निवडा. तुम्हाला पटेल तेच घेऊ.”

तिला हे आवडलं. तिच्या नियमाची कुणी परीक्षा घेतोय याचा राग येण्याऐवजी ती परीक्षेला नटून बसली.

तीन सॉफ्टवेअर आली. पहिलं अमेरिकेचं, जाडजूड पुस्तकासकट. त्याच्या यादीत सोयाबीन होतं, मका होता, डुकराचं मांससुद्धा होतं, पाम तेल नव्हतं. “याला आपण दिसतच नाही,” म्हणून तिनं ते बाजूला ठेवलं. दुसरं फुकटातलं. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, बटण एकही नाही. तिनं नियम दिला, त्यानं बराच वेळ घेतला आणि एक लुळीपांगळी रेघ काढली. कधी जरा वर, कधी जरा खाली. शिवाय प्रत्येक दिवसाच्या मध्यावर ते एकच ओळ छापत राहायचं : भाव नाही. भाव नाही. भाव नाही.

“हा सारखा रडतो काय!” पुनितवती वैतागली. “याला सांभाळायचं की बाजार सांभाळायचा?”

तिसरं सिंगापूरचं. ते विकायला आलेला माणूस अत्तर लावून आला होता. “मॅडम, तुमचा नियम तुमचाच,” तो म्हणाला. “त्याला किती वेळ थांबायचं, कुठे बाहेर पडायचं, ते आमचं इंजिन शोधतं. हजारो जुळण्या लावून बघतं, सर्वांत चांगली तुमच्या हातात देतं. तुम्ही फक्त हे हिरवं बटण दाबा.”

तिनं दाबलं. रेघ डाव्या कोपऱ्यातून निघाली आणि उजव्या कोपऱ्यात छताला जाऊन टेकली. मध्ये कुठे दम घ्यायला थांबलीही नाही. प्रत्येक फायद्याच्या सौद्याला एक घंटा वाजत होती, देवळातल्यासारखी नाजूक. खोलीतले सगळे गोळा झाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तिओनं पाहिलं, पुनितवतीचे डोळे भरले होते. खड्ड्यात तिला पुरुषांनी ढकललं तेव्हाही ते भरले नव्हते.

“हेच घ्यायचं,” ती म्हणाली.

ते घेतलं. पुढचे दोन महिने शाखेत सणासारखे गेले. माहितीपत्रकं छापली, ‘पुनिता पद्धत’ असं नाव पडलं, रविवारी देवळाशेजारच्या मंगल कार्यालयात बागायतदारांना बोलवायचं ठरलं. दारावर लावायच्या फलकावर तिचा फोटो होता. त्यात ती हिरवी साडी नेसून, हाताची घडी घालून, कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी उभी होती.

“हसली असतीस जरा,” तिओ म्हणाला.

“हसलेच आहे की.”

रविवारच्या आधीचा शुक्रवार. एन्चिक शुक्री नमाजाला मशिदीत गेले होते. जाण्यापूर्वी त्यांनी तालीम म्हणून पुनितवतीच्या कॉम्प्युटरवर जुने दिवस पुन्हा चालवायला लावून ठेवले होते. एकेक दिवस झरझर सरकायचा, कोपऱ्यातलं घड्याळ धावायचं, सौदा झाला की घंटा. पुनितवती पाठ करून जेवत होती.

घंटा वाजली.

“समोर कोण?” तिनं घास कालवता कालवता विचारलं.

“पेनांगचा कुणी गाढव असेल,” तिओ म्हणाला.

पुन्हा घंटा. “समोर कोण?”

“त्याचा भाऊ.”

तिसऱ्यांदा घंटा वाजली तेव्हा तिओच्या तोंडात पाऊ होता. त्यानं नवीन काही सुचावं म्हणून स्क्रीनकडे पाहिलं आणि जे दिसलं तेच बोलला. “समोर कोण असणार अक्का? एक वाजलाय तिथे. सगळे जेवतायत.”

तो स्वतःच्या विनोदावर हसायला लागला आणि मध्येच थांबला. पुनितवतीचा हात डब्यात तसाच राहिला होता.

“किती वाजलेत म्हणालास?”

“एक. एक वाजून...” त्यानं पाऊ खाली ठेवला. “अक्का, एक वाजता कसा सौदा होईल?”

त्या दिवशी पहिल्यांदा ती जेवण अर्धं टाकून, उष्ट्या हातानं, स्क्रीनकडे वळली.

मग दोघांनी एकेक सौदा काढून बघितला. जिथे जिथे रेघ उडी मारत होती, तिथे तिथे घड्याळात जेवणाची वेळ होती. हे सॉफ्टवेअर कधीच न थांबणाऱ्या बाजारांसाठी बनवलेलं. मध्ये दोन तास काहीच नाही हे त्याला सोसत नव्हतं. म्हणून ते सकाळच्या शेवटच्या भावापासून दुपारच्या पहिल्या भावापर्यंत स्वतःच सरळ रेघ ओढायचं आणि त्या रेघेवर खरेदी-विक्री करायचं. दुपारी भाव वर उघडणार असेल तर रेघ आधीपासूनच वर चाललेली. ‘पहिल्यांदा झुकेल त्या बाजूला जा’ हा नियम त्या रेघेला चिकटला आणि जिंकत सुटला. फुटलेला पेपर हातात घेऊन परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. आणि ते हिरवं बटण हजारो जुळण्यांमधून नेमकी हीच लबाडी शोधून काढत होतं, कारण सर्वांत चांगले आकडे तिथेच होते.

पुनितवतीनं जेवणाच्या वेळेतले सौदे बंद करून नियम पुन्हा चालवला. रेघ कोसळली. वर, खाली, जरा वर, जरा खाली, अगदी त्या काळ्या स्क्रीनवरच्या रडक्या रेघेसारखी. दलाली वजा केली की हातात काही उरत नव्हतं.

“भाव नाही, भाव नाही,” ती पुटपुटली. “तो बिचारा खरं बोलत होता. तिघांत तो एकटाच माझ्यासारखा जेवायला थांबत होता, आणि त्यालाच मी हाकललं.”

एन्चिक शुक्री मशिदीतून परतले ते निळ्या बाजू मलायूत, म्हणजे सैल मलायी सदरा-विजारीत, डोक्यावर काळी टोपी. त्यांनी उभ्यानं ऐकलं, मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसले. सिंगापूरच्या माणसाला फोन लावून तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“हा दोष नाही हो मॅडम, ही सोय आहे,” फोनमधून आवाज आला. “गिऱ्हाइकांना आलेखात भोकं आवडत नाहीत.”

“भोकात आम्ही जेवतो,” पुनितवती म्हणाली.

“पुढच्या आवृत्तीत बघतो, मॅडम.”

फोन ठेवून शुक्रींनी टोपीची किनार चाचपली. “अक्का, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही,” ते म्हणाले. “रविवारचा कार्यक्रम झाला नाही तर शाखा जाते. तुम्ही, मी, तिओ, सगळे. कार्यक्रम होऊ द्या. पद्धत लगेच कुणाला लावायला देणार नाही. नवीन आवृत्ती आली की...”

“आणि ती आल्यावर ही कोसळलेली रेघ लोकांना दाखवाल?”

त्यांनी टोपी टेबलावर ठेवली.

“माझं नाव काढा.”

“छापून झालंय.”

“मग मी स्वतः येऊन काढते.”

“सॉफ्टवेअर तुम्हीच निवडलंत, अक्का.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

“हो, मीच. तुम्ही निवडलं असतं तर मी घरी बसून शिव्या दिल्या असत्या. मी निवडलंय म्हणून यावं लागणार.”

जिन्यात तिओनं तिला गाठलं. खाली फुलांच्या दुकानातून मोगऱ्याचा वास येत होता. “अक्का, ऐक. थोडे महिने फक्त. आपण आपल्या गिऱ्हाइकांना कानात सांगू, हे लावू नका म्हणून.”

“आणि बाकीच्यांना? त्यांना कान नाहीत?”

“तुला एकटीला स्वाभिमान आहे, नाही का? माझं काय? या वयात मला कोण घेणार? तू बोललीस की संपलं माझं. तुझ्या एका तोंडामुळे!”

पुनितवतीनं डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिओला वाटलं आता ती काही तरी मोठं बोलेल. ती म्हणाली, “तू रविवारी येऊ नकोस, तंबी. म्हणजे तुझ्यावर येणार नाही.”

तो गेलाच. मागच्या रांगेत, खांबाआड बसला. का गेला हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. ती ऐन वेळी गप्प बसेल अशी आशा असावी.

मंगल कार्यालय भरलं होतं. मागे केळीची पानं मांडायला सुरुवात झाली होती, सांबाराचा वास पुढच्या रांगांपर्यंत येत होता. पांढऱ्या टोप्या घातलेले हाजी, दुकानं पोरांवर सोपवून आलेले चिनी बागायतदार, मळ्यांतून आलेले तमिळ मुकादम. पडद्यावर रेघ चढत होती, घंटा वाजत होती आणि प्रत्येक घंटेला लोकांच्या माना हलत होत्या. पुनितवती फोटोतलीच साडी नेसून आली होती. शुक्रींचं बोलणं संपल्यावर ती उठली आणि माईक तिनं मागितला नाही, घेतला.

“घड्याळ हळू करा,” ती म्हणाली.

शुक्रींनी तिच्याकडे पाहिलं. ते लॅपटॉपचं झाकण लावू शकले असते. त्यांनी घड्याळ हळू केलं.

घंटा वाजली.

“थांबवा. किती वाजलेत तिथे? पुढच्या रांगेतल्यांनी वाचा.”

“एक,” कुणीतरी म्हणालं.

“एक वाजता तुम्ही कुठे असता?”

“जेवायला!” दोन-चार आवाज.

“आणि बाजार?”

“जेवायला!” आता सगळा हॉल. लोकांना हा खेळ वाटला.

“मग या यंत्रानं माल घेतला कुणाकडून? समोर कोण?”

माना हलायच्या थांबल्या. मागे पान टाकणाऱ्यांचे हातही थांबले. मग तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा हाजी काठी टेकत उठला आणि म्हणाला, “जिनकडून! भुताकडून!”

हशा उसळला. पुनितवती हसली नाही. हशा ओसरेपर्यंत उभी राहिली.

“हाजी बरोबर बोलले. हे यंत्र जेवणानंतरचा भाव जेवणाआधी बघून ठेवतं. मला तो दिसत नाही. तुमच्यात कुणाला दिसत असेल तर हात वर करा, मी आजपासून तुमची नोकर.” एकही हात वर झाला नाही. “हे यंत्र मी निवडलं. तीन होती, त्यातलं माझं कौतुक करणारं मी उचललं. जे ‘भाव नाही’ म्हणत होतं ते मी टाकून दिलं. या कागदावर माझं नाव आहे. ज्याच्याकडे कागद असेल त्यानं तो फाडा. फाडायला जड जात असेल तर माझ्याकडे द्या.”

मधल्या रांगेतून एक मुकादम ओरडला, “अक्का, यंत्र राहू दे. तुझा नियम? तो तर खरा ना?”

तिओ खांबाआडून पुढे वाकला. इथे तिनं ‘हो’ म्हटलं असतं तर कुणीही तपासायला आलं नसतं. यंत्र खोटं, अक्का खरी, असं म्हणत लोक जेवायला बसले असते आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच टेबलापाशी आले असते.

“नाही,” ती तिच्या त्या बसक्या आवाजात म्हणाली. “तपासून बघितलं. त्यात काही नाही.”

“एवढी वर्षं आम्ही...”

“एवढी वर्षं मीही. माझ्यावर रागवायचं असेल त्यांनी जेवून रागवा, पानं वाढलीयत.”

कागद फाडल्याचा पहिला आवाज हाजींच्या बाजूनं आला. मग बराच वेळ तो आवाज येत राहिला. काही जण न जेवता निघून गेले, आणि जाताना तिच्याकडे बघत गेले. ती त्यांच्या नजरेला नजर देऊन उभी होती, हाताची घडी घालून, फलकावरच्यासारखीच.

सोमवारी तिच्याकडून दाराचं कार्ड काढून घेतलं. मुख्य कचेरीतून आलेल्या माणसानं विचारलं, की आपण कंपनीचं नुकसान केलं हे आपल्याला मान्य आहे का. “तुमच्या कंपनीनं हवेशी सौदा केला होता, तो मी मोडला,” ती म्हणाली. “लिहून घ्या. शब्द चुकू नका.” शुक्री खिडकीपाशी उभे राहून खाली बघत होते. ती निघाली तेव्हा त्यांनी डब्याची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. शाखा वर्षअखेरीला बंद झाली. ती तशीही झाली असती की नाही, यावर लोक पुढे पुष्कळ बोलले. शुक्री क्वालालंपूरला गेले.

तिओला खरंच कुणी घेतलं नाही. तो मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजत बसला आणि पुनितवतीशी बोलेनासा झाला. रस्त्यात ती समोरून येताना दिसली तर पलीकडच्या फुटपाथला जायचा. ती मोठ्यानं हाक मारायची, “तंबी, इकडे ऊन नाही, उगाच तिकडे जळतोस.” तो वळायचा नाही.

तिनं शिंप्याच्या दुकानावरची खोली घेतली, दुसऱ्या एका पेढीचं काम मिळवलं आणि त्या काळ्या स्क्रीनच्या सॉफ्टवेअरची भाषा शिकली. वेळ लागला. स्वल्पविराम चुकला तरी ते काम करायचं नाही, आणि ती त्याला तमिळमध्ये शिव्या द्यायची, शिंपी खालून दाद द्यायचा. हळूहळू लोक यायला लागले. कुणाकडे नियम असायचा, कुणाकडे स्वप्न. पौर्णिमेला विकायचं, पाऊस लांबला की घ्यायचं, सासऱ्यानं सांगितलं की उलटं करायचं. ती प्रत्येकाचा नियम नीट ऐकून घ्यायची, त्यात भर घालायची नाही, त्याला नटवायचीही नाही. आलटून-पालटून सर्वांत चांगले आकडे शोधून द्या म्हटलं, तर म्हणायची, “हिरवं बटण सिंगापूरला मिळतं. इथे हे एवढंच.” मग ते चालवायची. बहुतेकांना उत्तर मिळायचं, नाही. गल्लीतली पोरं त्या खोलीला ‘नाही-ऑफिस’ म्हणायची. तिला ते नाव इतकं आवडलं की दारावर लावायच्या विचारात होती.

एकदा अत्तर लावलेला दुसरा एक माणूस नवं सॉफ्टवेअर घेऊन वर चढला. ते स्वतःच शिकतं, स्वतःच नियम बनवतं, मॅडमना काहीच करावं लागत नाही. पुनितवतीनं त्याला चहा दिला आणि विचारलं, “हे जेवतं किती वाजता?” तो माणूस हसला. ती हसली नाही. त्यानं चहा अर्धा टाकला.

हॉलमधल्या त्या रविवारनंतर सव्वा-दीड वर्षानं तिओ जिना चढून आला. हातात घडी केलेला कागद होता. दारातच उभा राहिला.

“नियम आहे एक,” तो म्हणाला. “खड्ड्यातल्या दिवसांपासूनचा. तुला कधी सांगितला नाही.”

“का?”

“तू चोरला असतास.”

“दे इकडे.”

तिनं कागद वाचला, कळफलकावर बोटं आपटली. काळ्या स्क्रीनवर ओळी धावल्या. दोघं बघत राहिले. जेवणाच्या वेळा येत होत्या, जात होत्या, भाव नाही, भाव नाही. शेवटी रेघ आली, आणि ती कुठेही गेली नव्हती.

“नाही,” पुनितवती म्हणाली.

“नाही,” तिओ म्हणाला. मग म्हणाला, “तू शिव्या दे हवं तर. पण मी अजून तुझ्यावर रागावलेलो आहे.”

“राहा ना. कुणी अडवलंय? साडेबारा वाजले.” तिनं खुर्ची फिरवली.

त्यानंतर तो रोज यायला लागला, मग एक टेबलही घेऊन आला आणि तिच्या समोर मांडलं. राग गेला की नाही, हे दोघांनी कधी काढलं नाही. ती स्क्रीनकडे पाठ करून बसायची, तो तिच्या पाठीमागे बघत पाऊ खायचा, आणि तिच्याकडून दहीभात मागून घ्यायचा. दर वेळी थोडा, जसा काही पहिल्यांदाच मागतोय.

अशी पुष्कळ वर्षं गेली. तिचे केस पांढरे झाले. आवाज आधीच बसलेला होता, त्याला आणखी काही होण्यासारखं नव्हतं. एका गुरुवारी ती नेहमीसारखी जेवली, दुपारी दोन जणांना नाही म्हणाली, संध्याकाळी साडीचा पदर खोचून डबा धुतला. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. झोपेतच गेली होती. शुक्रवारी तिओनं खोली उघडली तेव्हा तिची खुर्ची त्याच्या टेबलाकडे तोंड करून होती. तिच्याशी शेवटचं काय बोलणं झालं, असं तिच्या घरच्यांनी त्याला विचारलं. त्यांना वाटलं, तिनं बाजाराबद्दल काहीतरी सांगितलं असेल. तिओला ते शब्द आठवायला जरासुद्धा वेळ लागला नाही. जिना उतरताना तिनं मागे वळून सांगितलं होतं, “तंबी, लोणच्याचं झाकण घट्ट लाव रे. काल मुंग्या लागल्या होत्या.”